सेवेची नोंद कुणाच्या वहीत?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंती जवळ आली की देवळाच्या ओसरीवर कामांची वाटणी सुरू होते. गुरुचरित्राच्या सप्ताहाला कोण बसणार, पहाटेच्या काकड्याला कोण येणार, पालखीला खांदा कोण देणार, महाप्रसादाच्या दिवशी भाजी चिरायला कोण आणि पंगतीत वाढायला कोण. ही यादी वर्षानुवर्षं चालत आलेली आहे. गेल्या पाच-सहा वर्षांत तिच्यात एक नवीन रकाना आला. मुंबई, पुणे, बडोदा, दुबई इथे राहणारे, किंवा इथेच असून गुडघ्यांमुळे उंबरा न ओलांडणारे लोक मोबाइलच्या पडद्यावर बैठकीला येतात, सूचना करतात, वर्गणी पाठवतात. आणि मग ओसरीवर हमखास प्रश्न निघतो, "घरबसल्या सेवा होते का हो?"

विचारणारा थट्टेत विचारतो, पण प्रश्न थट्टेचा नाही. आपल्यासारख्या साठी-सत्तरी ओलांडलेल्यांना तर तो जवळचा आहे. आज हातात झाडू आहे, उद्या हातात काठी येणार. मग त्या दिवसापासून आपली सेवा संपली म्हणायची का? आणि संपली नाही असं म्हणायचं, तर ती उरते कशात?

मी आयुष्यभर बँकेत कारकुनी केली. त्यामुळे विचार करायला बसलो की डोकं आपोआप वहीकडे वळतं. वाचकांनी तेवढं सांभाळून घ्यावं.

आमचं एक लहानसं सेवा मंडळ आहे. महिन्यातून दोन रविवारी रात्री साडेआठला पडद्यावर बैठक होते. वीस-बावीस सभासद. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या वाड्यांवर एकटी राहणारी म्हातारी माणसं, त्यांची औषधं, डोळ्यांची तपासणी, शाळेच्या मुलांच्या वह्या, अशी साधी कामं. हिशेब माझ्याकडे. या मंडळात दोन पक्ष आहेत आणि दोघांचंही म्हणणं ऐकण्यासारखं आहे.

पहिला पक्ष म्हणतो, सेवा म्हणजे देह झिजवणं. पंगत उठल्यावर वाकून उष्ट्या पत्रावळी उचलल्या की कंबर दुखते, आणि कंबरेबरोबर थोडा अहंकारही वाकतो. पडद्यावर कुणाची पत्रावळ उचलता येत नाही. तिथे चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो, पण चिखल अंगाला लागत नाही. मग वाकणार काय? दुसरा पक्ष म्हणतो, देव भावाचा भुकेला. ज्याला येता येत नाही त्याचा भाव लांबून पोचत नाही असं म्हणणं म्हणजे देवाच्या हाताला माप लावणं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. लांब राहून गावासाठी काही करणं हे मोबाइलबरोबर आलेलं नाही. आपल्या कोकणात ते फार जुनं आहे. आपल्या बापजाद्यांपैकी कितीतरी जण मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत होते. वाडीवाडीचं ग्रामस्थ मंडळ मुंबईत असायचं. चाळीच्या दहा बाय दहाच्या खोलीत रविवारी बैठक भरायची. गावच्या देवळाचं छप्पर, विहिरीचा कठडा, शाळेची खोली, सगळं तिथे ठरायचं. मनीऑर्डर निघायची आणि गावचे पंच काम करून घ्यायचे. त्या चाकरमान्यांनी गावाची सेवा केली नाही असं कुणी म्हणेल का? पडदा नव्हता, पण अंतर होतंच.

परदेशातही हेच घडलं. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन ओळखीच्या माणसांना जमवलं. एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता, एक शिंपीकामाचा व्यावसायिक. आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत भेटायचं ठरलं, म्हणून नाव रोटरी. हिंदुस्थानात हा क्लब १९१९ साली कलकत्त्यात आला आणि १९२९ साली मुंबईत. आपल्याकडे सेवेच्या क्लबांचं जे स्वरूप दिसतं त्याचा बराचसा नमुना तिथला. या क्लबांत हजेरीला फार महत्त्व. बैठक चुकली तर दुसऱ्या गावच्या क्लबात जाऊन ती भरून काढायची असा रिवाज होता. पुढे इंटरनेट आलं आणि २००२ साली अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये पडद्यावरच भरणारा पहिला रोटरी क्लब मान्य झाला. करोनाच्या काळात, २०२० साली, सगळ्या जगालाच तो मार्ग धरावा लागला. आमचं मंडळही त्याच काळात पडद्यावर गेलं आणि तिथेच राहिलं.

तेव्हा लांबून भाग घेणं वाईट नाही, नवीनही नाही. अडचण वेगळीच आहे. ती आहे हजेरीत.

बँकेत सकाळी मस्टरवर सही करायची. सही झाली की दिवसाचा पगार पक्का. पण सही करून माणूस काउंटरवर बसलाच नाही, तर बाहेर रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या पेन्शनरला त्या सहीचा उपयोग शून्य. आपल्या मस्टरवर हजेरी लागली, त्याच्या दिवसात ती लागली नाही. पडद्यावरच्या बैठकीत हा धोका जास्त. साडेआठला बटण दाबलं, सगळ्यांना नमस्कार केला, दोन सूचना केल्या, एका ठरावाला अनुमोदन दिलं, साडेनऊला बटण बंद. मनाला समाधान वाटतं की आज सेवा झाली. पण कुणाची?

वाणिज्य शाखेत शिकलेल्यांना आठवत असेल, आपली रोकडवही आणि बँकेचं पासबुक यांची जुळवणी करताना एक रक्कम हटकून अडते. आपण चेक लिहून दिलेला असतो, आपल्या वहीत पैसे गेले अशी नोंद असते, पण तो चेक अजून वटायचा असतो. आपल्या हिशेबी पैसे गेले. घेणाऱ्याच्या हिशेबी अजून काही आलं नाही. आपण खोटं लिहिलेलं नसतं, तरी जुळवणी होत नाही.

ठरवलेली सेवा ही अशा न वटलेल्या चेकसारखी आहे. ती खोटी नाही, पण पुरीही झालेली नाही. आपल्या वहीत आपण कितीही नोंदी करू, ज्याच्यासाठी केली त्याच्या वहीत ती उतरेपर्यंत सेवा झाली असं म्हणता येत नाही.

याचा दाखला द्यायला महाडकराला लांब जायला नको. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुले असावेत. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने त्याला धरून चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. चांगल्या माणसांनी चांगल्या हेतूने केलेला ठराव. पण तळ्यावर काही बदललं नाही. तीन वर्षं तो कागद दप्तरात राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चालत तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्याचा त्रास त्या माणसांनी सोसला, मार खाल्ला. पुढे खटला चालला आणि १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. ठराव वाईट होता असं मी म्हणत नाही. ठरावामुळे पुढच्या माणसाच्या पायाखाली जमीन आली. पण तहानलेल्याच्या ओंजळीत पाणी पडलं ते माणसं उठून चालत गेली तेव्हा. आपण रोज ज्या तळ्याजवळून जातो ते आपल्याला एवढं तरी शिकवतं.

आता दुसऱ्या बाजूचा दाखला. पोलिओ. रोटरीने १९८५ साली जगातून पोलिओ हटवण्याचं काम हाती घेतलं. देशोदेशीच्या लोकांनी पैसा दिला. कोण देणारा, कुठलं मूल, कधी भेट होण्याची शक्यता नाही. आपल्या देशात १९९५ साली पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये हावडा जिल्ह्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. लांबून केलेल्या सेवेचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. पण ते पैसे आपोआप बाळाच्या तोंडात गेले नाहीत. अंगणवाडी सेविका आणि आरोग्य कर्मचारी थंडपेटी खांद्याला लावून डोंगरातल्या वाड्यांवर चढल्या, बाळाचं तोंड उघडून दोन थेंब टाकले आणि त्याच्या करंगळीवर शाईची खूण केली. ती खूण मला फार आवडते. जगभरच्या दानाची खरी नोंद त्या करंगळीवर झाली. घेणाऱ्याची वही म्हणतात ती हीच.

म्हणजे लांबचा हात आणि जवळचा हात दोन्ही लागतात. जवळच्या हाताशिवाय लांबचा पोचत नाही, आणि लांबच्या हाताशिवाय जवळच्याची पेटी रिकामी राहते.

२०२१ च्या जुलैमध्ये हे आपण सगळ्यांनी अंगावर घेतलं आहे. २१ तारखेच्या रात्री सावित्री आणि गांधारी फुगल्या आणि पाणी महाड शहरात शिरलं. २२ तारखेला तळियेच्या कोंडाळकरवाडीवर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीतही घरं गाडली गेली. त्या वेळी वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. मुंबई-पुण्यातली मुलं रात्रभर नंबर फिरवत बसली आणि इकडे घंटा वाजेना. ज्या घटकेला माणसाची सर्वांत जास्त गरज, त्या घटकेला पडदा काळा. तिथे शेजाऱ्याने शेजाऱ्याला माळ्यावर ओढून घेतलं, एवढंच कामाला आलं. म्हणून ज्या गावात शेजार जिवंत नाही तिथे पडद्यावरच्या मंडळाने गाव सांभाळला जाईल असं कुणी समजू नये.

पण पाणी ओसरल्यावरचं चित्रही आठवा. महाराष्ट्रभरातून तरुण फावडी-घमेली घेऊन आले आणि दुकानादुकानांतला गुडघाभर चिखल उपसला. मदतीच्या गाड्या आल्या. अशा वेळी एके ठिकाणी कपड्यांचा ढीग पडतो आणि दुसरीकडे प्यायला पाणी नसतं. कुणाला रक्तदाबाच्या गोळ्या हव्यात, कुणाला स्टोव्ह, कुणाला फक्त खराटा. रेंज आल्यावर शंभर फोन करून ही यादी जुळवणं, एकच गाडी एकाच वाडीत दोनदा जाणार नाही हे बघणं, हे काम चिखलात उभ्या असलेल्या माणसाला जमत नाही. ते लांब बसलेल्या, डोकं शांत असलेल्या माणसाचं काम. चिखल अंगाला लागला नाही म्हणून ते कमी प्रतीचं ठरत नाही.

आणखी एक प्रकार आहे. त्यात फोन हीच सेवा असते. पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत एक आजी एकट्या राहतात. मुलगा मुंबईला. आमच्या मंडळातल्या एक बाई दर गुरुवारी संध्याकाळी त्यांना फोन करतात. या बाई स्वतः अंथरुणाला खिळलेल्या. बोलणं काय तर मांजर व्यायली, फणसाला यंदा कमी धरला, पाय सुजतो. वीस मिनिटं. आजी गुरुवारी फोन उशाशी घेऊन बसतात असं शेजारची सून सांगते. इथे कुठली वस्तू पोचवायची नाही, कुणी चालत जायचं नाही. जे द्यायचं होतं ते आवाजातूनच पोचलं आणि आजींच्या वहीत त्याच संध्याकाळी जमा झालं. अंथरुणावरच्या माणसाने दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाची केलेली ही सेवा मी झाडू मारण्याइतकीच खरी मानतो.

मात्र याच आजींच्या घराचा पत्रा एका वाऱ्यात उडाला, तेव्हा आवाजाने पत्रा बसत नव्हता. बाईंनी फोनवरून ते ऐकलं, मंडळाच्या एका तरुण सभासदाला कळवलं, तो ताडपत्री घेऊन भर पावसात दुचाकीवर गेला. दोघांनी मिळून ते काम पुरं केलं. बाईंना ऐकू आलं नसतं तर तो गेला नसता. तो गेला नसता तर बाईंच्या ऐकण्याला अर्थ राहिला नसता.

इथे एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. पडद्यावरच्या बैठकीत बोलणारे आम्ही वीस आणि प्रत्यक्ष जाणारे दोन किंवा तीन. अहवालात नाव येतं मंडळाचं, कार्यकारिणीचं, देणगीदारांचं. ताडपत्री घेऊन जाणाऱ्याचं पेट्रोल कुणी विचारत नाही. त्याचा बुडालेला रोज कुणी धरत नाही. लांबून सेवा करणाऱ्याला माझ्या मते एक जास्तीचं कर्तव्य लागू होतं. ज्या हाताने आपली सेवा पोचते, त्या हाताचं ऋण मान्य करणं. दुसऱ्याच्या पायावर पुण्य चालवायचं आणि त्या पायाला चप्पलही द्यायची नाही, हे दत्तभक्ताला शोभत नाही.

अवधूताने चोवीस गुरू केले. त्यांतली कुमारी सगळ्यांना आठवते. घरी पाहुणे आले, आत ती भात कांडायला बसली आणि हातातली कांकणं वाजू लागली. एकेक उतरवत तिने एकच ठेवलं तेव्हा आवाज थांबला. आमच्या बैठकीत वीस जण एकदम बोलायला लागले की कुणीतरी म्हणतं, "कांकणं काढा," आणि मग एकेक जण आपला आवाज बंद करतो. हसू येतं. पण या गोष्टीतलं एक अंग आपण नेहमी विसरतो. कांकणांचा आवाज थांबल्यावरही ती मुलगी कांडत राहिली. ती बसली होती ती पाहुण्यांना भात मिळावा म्हणून. एकांताचा बोध अवधूताने घेतला तो योग्यच, पण आपण गृहस्थाश्रमी माणसं. आपण मुसळही विसरू नये.

गुरुचरित्रातली दिवाळीची कथा या प्रश्नाला फार जवळची वाटते. सात गावच्या सात शिष्यांनी श्रीनृसिंहसरस्वतींना आपापल्या घरी बोलावलं. प्रत्येकाला वाटे, आपल्याकडेच यावं. श्रीगुरूंनी आठ रूपं घेतली, सातही घरी गेले आणि गाणगापुरी मठातही राहिले. पुढे कार्तिकी पौर्णिमेला सारे शिष्य मठात जमले तेव्हा एकेक जण सांगू लागला की दिवाळीला गुरू माझ्याकडे होते, आणि तेव्हा ती लीला उघड झाली. आठ ठिकाणी असणं हे आपल्या आवाक्यातलं नाही. पडद्यामुळे आठ गावांत एकदम दिसता येतं, पण दिसणं म्हणजे जाणं नव्हे. त्या कथेतून आपण घ्यायचं ते एवढंच. गुरू आले होते याची ग्वाही त्या घरांनी दिली. आपण कुणाकडे पोचलो की नाही, हेही त्याच्या घराने सांगायचं असतं. आपण सांगून ते ठरत नाही.

म्हणून आमच्या मंडळात एक पद्धत पाडली आहे. ज्यांना पटेल त्यांनी आपल्याकडे चालवून बघावी. बैठकीचा पहिला विषय नवीन ठराव नसतो. मागच्या वेळी जे ठरलं ते कुणाच्या हातात पडलं, हा असतो. जिथे पडलं तिथे एका सभासदाने स्वतः फोन करून विचारायचं, आणि नुसतं 'मिळालं का' न विचारता 'उपयोग झाला का' असं विचारायचं. पोचवणाऱ्याचं नाव आणि त्याचं गाडीभाडं त्याच पानावर लिहायचं आणि ते भाडं त्याच आठवड्यात द्यायचं. घेणाऱ्याचा फोटो काढायचा नाही. आपण जोगव्याला किंवा भिक्षेला आलेल्याचा फोटो काढत नाही, उलट त्याच्यापुढे हात जोडतो. दत्तमहाराज झोळी घेऊन दारात येतात ही आपली श्रद्धा. मग ज्याच्या दारात आपण वस्तू घेऊन जातो, तिथे उंबऱ्याच्या आत नेमकं कोण उभं आहे हे आपल्याला काय ठाऊक?

दत्तात्रेयांना स्मर्तृगामी म्हणतात. आठवण काढताच येणारा. काशीला स्नान, कोल्हापूरला भिक्षा, माहूरला निद्रा असा ज्याचा दिनक्रम, त्याला अंतर आडवं येत नाही. आपण माणसं. आपल्याला अंतर आडवं येतं, वय येतं, दुखणं येतं. तरी त्या नावात आपल्यापुरती एक कसोटी आहे. कुणी आपली आठवण काढली तर आपण जातो का? पायांनी जाता आलं तर पायांनी. पाय चालत नसतील तर आवाजाने. आवाजाने भागत नसेल तर दुसऱ्या कुणाला पाठवून, आणि त्याचं भाडं देऊन. यांतलं काहीच झालं नाही आणि नुसती हजेरी लागली, तर ती हजेरी आपल्याच वहीत राहील. जुळवणीच्या दिवशी ती रक्कम अडणार.

ओसरीवरच्या प्रश्नाला माझं उत्तर तेव्हा असं आहे. घरबसल्या सेवा होते, पण झाली की नाही हे घरबसल्या ठरत नाही. ते विचारायला पलीकडच्या दारात जावं लागतं, निदान एक फोन तरी करावा लागतो. यंदाच्या दत्तजयंतीला ज्यांना देवळात येणं शक्य आहे त्यांनी जरूर यावं, पत्रावळी उचलायला हात कमीच पडतात. ज्यांना शक्य नाही त्यांनी ओसरीवरच्या यादीत नाव घालावं. पंगतीला येऊ न शकणाऱ्या म्हाताऱ्यांना प्रसाद पोचला का, हे फोन करून विचारण्याचं काम अजून कुणी घेतलेलं नाही.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥